तीन किलो नानकटाई आणि एक किल्ली

माझ्या लेकीचं नाव निवासी शाळेच्या यादीत आलं, त्या दिवशी घरात पेढे आले आणि माझं डोकं फिरलं. पेढे नवऱ्याने आणले होते. डोकं माझं मीच फिरवून घेतलं.

लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. पाचवी झालेली, सहावीपासून परतूरकडच्या एका सरकारी शाळेत राहायला जायचं. गल्लीत सगळे अभिनंदन करत होते आणि मी हसून मान डोलवत होते, पण मला माझ्या बहिणीचा मुलगा आठवत होता. तोही असाच लहान वयात वसतिगृहात गेलेला. पहिल्या सुट्टीत घरी आला, आंघोळीला निघाला आणि दारात थांबून आईला म्हणाला, "टॉवेल कोणता घेऊ?" बहिणीने मला ते फोनवर सांगितलं तेव्हा हसतच सांगितलं होतं. मला मात्र ते जे लागलं ते लागलंच. स्वतःच्या घरात टॉवेल विचारून घेणारं पोर मला नको होतं. माझी लेक पाहुणी होऊन यायला नको, एवढी एकच गोष्ट मला त्या उन्हाळ्यात सुचत होती.

मी नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदात शंभर दाणे ओळीत मांडायचे, कागद गुंडाळून ठेवायचा, आठवड्याने उलगडायचा आणि किती उगवले ते मोजायचं. वर्षानुवर्षं हेच करत आल्यामुळे कुठलीही गोष्ट आपोआप होईल यावर माझा विश्वास उरलेला नाही. तेव्हा लेकीच्या मनात घर पक्कं रुजवायचं असेल तर ते पद्धतशीर करायला हवं, असं मी ठरवलं आणि अख्ख्या सुट्टीचा तक्ता आखून फ्रिजवर चिकटवला. संध्याकाळी मुलांबरोबर हस्तकला, शनिवारी खायचं काहीतरी करायचं, रविवारी सहल. सगळं खिशाला परवडेल असं.

नवरा बँकेत आहे. कागद नीट वाचायची त्याला सवय. त्याने तक्ता वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि विचारलं, "ह्याच्यात पोरांना सुट्टी कुठं आहे?"

"तुम्हाला काय कळतंय?" मी म्हटलं.

"मला न्हाई कळत, म्हणून तर विचारून राह्यलो."

पहिल्या आठवड्यात आम्ही वर्तमानपत्राच्या नळ्या करून टोपली विणली. मोबाइलवरच्या बाईची टोपली दहा मिनिटांत झाली. आमची तीन दिवसांत झाली आणि खाली ठेवली की एका अंगावर कलंडून बसायची. धाकटा सहा वर्षांचा. तो तिला आजारी टोपली म्हणायचा. चौथ्या दिवशी त्याने तिला मायेने तांब्याभर पाणी पाजलं आणि टोपलीचा विषय संपला.

मग मी प्रयोगशाळेतून नमुन्याच्या रिकाम्या कापडी पिशव्या मागून आणल्या. तळहाताएवढ्या, तोंडाला नाडी असलेल्या, औषध न लावलेल्या बियांच्या. त्यांच्या बाहुल्या करायच्या असं तक्त्यात होतं. धाकट्याने एकीला डोळे काढले, सहा काढले, आणि खूश झाला. लेकीने बाहुली केलीच नाही. पिशवीच्या आत कापडाचा आणखी एक थर घालून ती दोन दिवस मान खाली घालून शिवत बसली. टाके असे, की एक जालन्यात तर दुसरा परतूरला. मी तसं म्हटलंही.

"मला माझ्यापुरती पाह्यजे," ती म्हणाली. "कुणाला दाखवायची न्हाई."

पहिल्या रविवारची सहल मोती तलावावर झाली. घरून नेलेले भाजलेले शेंगदाणे, गूळ आणि पाण्याची बाटली. तिथे नवऱ्याला आपलं लहानपण आठवलं. चपटे दगड शोधून तो पाण्यावर भाकऱ्या करून दाखवायला लागला. पहिल्या दगडाच्या तीन झाल्या, दुसऱ्याच्या चार. पाचव्या भाकरीसाठी तो जो कमरेत वाकला, त्याबरोबर शर्टाच्या खिशातली घराची किल्ली तलावात गेली. धाकट्याने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, तोही खेळच आहे.

घराच्या कुलपाला दोनच किल्ल्या होत्या. आता माझ्याकडची एकच उरली. घरी येताना मी नवऱ्याला रस्ताभर जे सुनावायचं ते सुनावून घेतलं. मागून लेक म्हणाली, "आई, नवीन करायचीच आहे तर दोन करा ना. एक मला."

"तुला कशाला किल्ली?" मी रागाच्या भरातच होते. "तू तर चाललीस. तिकडं तुझ्या ट्रंकेला कुलूप राहील, त्याची किल्ली सांभाळ म्हणजे झालं."

ती धाकट्याचा हात धरून पुढे चालू लागली. मला वाटलं, पटलं तिला.

नवीन किल्ली आज करू, उद्या करू म्हणत राहूनच गेली. दुसऱ्या रविवारी मी सगळ्यांना पॅसेंजरमध्ये बसवून परतूरला नेलं. तिकीट अगदीच थोडं आणि मुलांना खिडकी. परतूरला उतरून फलाटावरच्या लिंबाखाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायची आणि परतीच्या गाडीने घरी यायचं, एवढीच सहल. पण माझा आतला बेत वेगळा होता. ही वाट तिच्या डोळ्यांखालून एकदा माझ्यासोबत जायला हवी होती. "बघ, किती जवळ आहे," मी जाताना म्हणाले. "एक डुलकी काढली की आलंच," असंही म्हणाले. येताना पुन्हा म्हणाले, "बघ, कसं पटकन आलो."

तिने खिडकीतून तोंड आत घेतलं. "आई, हे तू मला सांगून राह्यली का स्वतःला?"

नवरा दशमीचा शेवटचा तुकडा चावत समोरच्या बाकावर बसला होता. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. खांदे हलत होते, म्हणजे हसत होता.

मग आला नानकटाईचा शनिवार.

आमच्या मस्तगड भागात नानकटाई घरी करतात आणि भाजायला भट्टीवर नेतात. बेकरीवाले चाचा सकाळचे पाव काढून झाले की दुपारी भट्टी मंद होऊ देतात. त्या वेळात घरोघरच्या बायका परातीत मळलेलं पीठ घेऊन येतात. चाचांनी दिलेल्या काळ्या पत्र्यांवर आपापल्या नानकटाया थापायच्या आणि पत्रे त्यांच्या हवाली करायचे. चाचा लांब लाकडी फावड्याने ते आत सरकवतात. एका वेळी चार-पाच घरांचे पत्रे भट्टीत असतात, म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणी वर चारोळी लावतं, कुणी काट्याचमच्याच्या रेघा ओढतं, कुणी बाटलीचं बूच दाबतं. आमची खूण होती चमच्याच्या दांड्याची फुली. पण आदल्या वर्षी आणखी दोन घरांनी फुलीच काढली होती आणि आमच्या साजूक तुपातल्या नानकटाया कुणाच्या तरी घरी जाऊन डालड्यातल्या आमच्या वाट्याला आल्या होत्या. वर्षभर मी ते विसरले नव्हते. प्रयोगशाळेत माझ्या हातून एकाचा नमुना दुसऱ्याच्या नावावर कधी गेला नाही, आणि इथे सरळ तूपच गेलं.

"औंदा अशी खूण पाह्यजे, की दुसऱ्या कुणाकडं असूच शकणार न्हाई," मी जाहीर केलं.

मी परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसत होते. लेक वेलदोडे कुटत होती. ती थांबली. "मंग किल्ली दाबू," ती म्हणाली. "आपल्या घराची किल्ली दुसऱ्या कुणाकडं कशी असंल?"

मला ते इतकं पटलं की मी तिच्याकडे कौतुकाने बघतच राहिले. पोरगी माझ्यावर गेली, असं मनात आलं. पितळी किल्ली होती. चिंच लावून घासली, गरम पाण्याने धुतली, घराला कुलूप लावलं आणि परात डोक्यावर घेऊन आम्ही तिघं भट्टीवर गेलो.

तिथे कामाची वाटणी झाली. मी गोळे वळायचे, लेकीने थापायचे आणि धाकट्याने किल्ली दाबायची. किल्लीचे दात नानकटाईवर इतके सुरेख उठत होते की शेजारच्या पत्र्यावरच्या बायका बघायला आल्या. चाचांनीही वाकून पाहिलं. "वा! ही खूण बिलकुल बराबर झाली, ताई. आता तुमचा माल कुठं जात न्हाई." धाकट्याला चेव चढला. तो इतक्या जोरात दाबायला लागला की किल्ली पिठात बुडायची आणि ती लेक उपसून काढायची. शेवटचा पत्रा भरला तेव्हा माझं लक्ष चाचांच्या फावड्याकडे होतं.

तासाभराने खरपूस वासाचे दोन डबे भरून आम्ही घरी आलो. जिना चढलो. कुलपासमोर उभी राहून मी हात पुढे केला. "किल्ली दे."

धाकट्याने लेकीकडे बघितलं. लेकीने धाकट्याकडे बघितलं. "ह्याच्याकडंच होती," ती म्हणाली. "ह्यानंच खोल दाबली असंल कशात तरी."

धाकट्याने भोकाड पसरलं.

मी चाचांना फोन लावला. त्यांनी पत्रे पाहिले, टेबलाखाली पाहिलं, भट्टीच्या तोंडाशी विजेरी मारून पाहिलं. "इथं न्हाई, ताई. पण टेन्शन घेऊ नका. नानकटाईत गेली असंल तर वितळणार न्हाई. भाजून निघंल, बस."

तेव्हा आमच्याच दारात, जिन्यावर बसून, आम्ही आमच्याच नानकटाया फोडायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरच्या भाभी आवाज ऐकून वर आल्या. त्यांना काय झालं ते सांगितलं. त्या आधी पोट धरून हसल्या, मग ओढणीने डोळे पुसत म्हणाल्या, "अजी, जल्दी जल्दी तोडो, मी चाय आणते." त्यांच्या सासूबाईही आल्या. समोरचे काका आले. प्रत्येकाच्या हातात मी चार-चार नानकटाया दिल्या आणि बजावलं, फोडून बघा, चावू नका. काकांनी घरातून लोहचुंबक आणलं. पितळेला चुंबक धरत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी तरीही दोन्ही डब्यांवरून ते फिरवलं आणि फिरवता फिरवता सहा नानकटाया खाल्ल्या.

एवढ्यात नवरा बँकेतून आला. जिन्यावर सहा माणसं, मधे परातभर चुरा आणि दाराला कुलूप. सगळं ऐकून घेऊन तो शांतपणे पायरीवर बसला, भाभींनी दिलेल्या चहात एक तुकडा बुडवला, खाल्ला आणि म्हणाला, "एक किल्ली मी पाण्यात घातली, दुसरी तू आगीत घातली. आता माझ्या किल्लीचा विषय काढायचा न्हाई."

मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने दुसरा तुकडा परत परातीत ठेवला.

लेक शेवटच्या पायरीवर बसून शांतपणे फोडत होती, बघत होती, बाजूला ठेवत होती. धाकट्याचं रडं थांबत नव्हतं, तर त्याला तिने जवळ घेतलं. "असू दे रे," म्हणाली. "सापडंल कधीतरी." केवढी समजूतदार झाली पोरगी, असं मला त्या गडबडीतही वाटलं.

तीन किलो नानकटाई फुटली. किल्ली निघाली नाही. शेवटी स्टेशनकडून किल्लीवाल्याला बोलावलं. त्याने कानशीने घासून घासून त्याच कुलपाला नवी किल्ली बसवली आणि लगेच तिच्यावरून दुसरी. एक माझ्या पर्समध्ये गेली, एक नवऱ्याच्या पँटच्या खिशात. शर्टाच्या खिशात ठेवायची नाही, अशी त्याला ताकीद दिली. चुऱ्याचे लाडू वळून मी गल्लीत वाटले.

तरी मला चैन पडेना. आमच्या डब्यात नाही, म्हणजे किल्ली दुसऱ्या कुणाच्या तरी पत्र्यावर गेली असणार. त्या दिवशी भट्टीवर असलेल्या सगळ्या घरी मी जाऊन विचारून आले. आठ दिवस मस्तगडात लोक नानकटाई जपून चावत होते. आणि मी नवऱ्याच्या मागे लागले, की कुलूपच बदला. आपल्या घराची किल्ली गावात कुणाकडे तरी पडून आहे, मला झोप कशी लागेल? तो हो म्हणायचा आणि बँकेत जायचा. महिनाभर हेच चाललं.

जूनमध्ये लेकीची ट्रंक भरायचा दिवस आला. शाळेने यादी दिली होती. गणवेश दोन, चादर एक, प्रत्येक कपड्यावर नंबर घातलेला. हे काम माझ्या आवडीचं, म्हणून ट्रंक मीच भरायला घेतली होती. लेक आणि धाकटा गॅलरीत भांडत होते. ट्रंकेच्या तळाशी वर्तमानपत्र घातलं होतं, ते एका कोपऱ्यात थोडं वर आलं होतं. मी हात घातला. खाली ती पिशवी होती, एक टाका जालन्यात आणि दुसरा परतूरला असलेली. कुणाला दाखवायची नाही म्हणाली होती, हे आठवलं. तरी मी नाडी सोडली. आई आहे मी.

आत आमची किल्ली होती. अजून थोडी तुपकट, आणि वेलदोड्याचा वास येणारी.

मी खाली फरशीवर बसले. आधी राग आला, खरं सांगते. माझं तीन किलो साजूक तूप, साखर आणि पीठ या पोरीने माझ्याकडून चुरा करून घेतलं होतं. धाकट्याला रडू दिलं, वर त्याची समजूतही घातली. पायरीवर बसून माझ्याबरोबर नानकटाया फोडल्या आणि एकदाही डोळ्याची पापणी हलली नाही. मग मला तलावावरून परत येतानाचं आठवलं. तुला कशाला किल्ली, तू तर चाललीस. हे मी म्हटलं होतं. मीच. फ्रिजवर तक्ता चिकटवून तिच्या मनात घर रुजवायला निघालेली मी, तिने घर मागितलं तेव्हा नाही म्हणाले होते.

नाडी होती तशी बांधली. पिशवी कागदाखाली ठेवली. वरून चादर, गणवेश, सगळं यादीप्रमाणे रचलं.

तेवढ्यात नवरा बाजारातून आला आणि माझ्यासमोर एक नवं कोरं कुलूप ठेवलं. "घे. आणलं एकदाचं. महिनाभर डोकं खाल्लं माझं."

"परत करून या," मी म्हटलं.

"का? तूच तर म्हणत होतीस, किल्ली कुणाला सापडली असंल तर?"

"सापडली तर सापडली. ज्याच्याकडं असंल त्यानं खुशाल यावं घरात. हे कुलूप बदलायचं न्हाई."

गॅलरीतलं भांडण थांबलं. लेक दारात येऊन उभी राहिली होती. तिने माझ्याकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे न बघता साबणाच्या वड्या मोजत राहिले. त्या दोनच होत्या, पण मी बराच वेळ मोजल्या.

तिला सोडून आलो त्या दिवसाबद्दल लिहीत नाही. शाळेच्या फाटकापाशी ती रडली नाही, धाकटा रडला, नवरा रडला आणि मी चालकाला जीप नीट चालवत नाही म्हणून बोलले.

दिवाळीच्या सुट्टीला आम्ही तिला शनिवारी आणायला जाणार होतो. शुक्रवारी संध्याकाळी मी कामावरून धाकट्याला पाळणाघरातून घेऊन घरी आले, हातात भाजीची पिशवी. जिना चढले आणि जागेवरच थबकले. दाराची कडी निघालेली होती. कुलूप उघडं, कडीला लटकत होतं, आणि त्याच्यात किल्ली तशीच. चोर, असं म्हणून मी धाकट्याला मागे ओढलं. मग खाली बघितलं. उंबऱ्याबाहेर शाळेचे बूट पडले होते, एक उपडा आणि एक जिन्याकडे तोंड करून.

वर्गातल्या एका मैत्रिणीचे वडील जीप घेऊन एक दिवस आधीच आले होते आणि त्यांनी हिलाही आणून सोडलं होतं. आम्हाला फोन करायला हिने त्यांना बंदी घातली होती. आत गेले तर ही ओले केस माझ्याच टॉवेलात गुंडाळून ओट्यावर चढून बसली होती. वरच्या फळीवरचे डबे एकामागून एक खाली उतरवलेले.

"आई, डबे रिकामेच आहेत सगळे," ती म्हणाली. "काहीच केलं न्हाईस का?"

मी आधी बुटांवरून ओरडले. मग टॉवेलावरून ओरडले, तिथे बाहेर तीन धुतलेले होते आणि न विचारता माझाच कशाला घेतला म्हणून. मग भाजीची पिशवी खाली ठेवली आणि रडायला लागले.

"किल्ली!" धाकटा दारातून ओरडला. तो कुलपापाशीच अडकला होता. "आई, किल्ली सापडली! म्हणजे ती मी न्हाई हरवलेली!"